देवळाभोवतीचे गाव

महाराष्ट्रातून, गोव्यातून, बेळगाव-बडोद्याकडून एवढा लांबचा प्रवास करून आलेली अभ्यासक मंडळी, आणि तंजावर-कुंभकोणम परिसरातील आमची घरची माणसे, आपणा सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मी स्वामीमलैत मनापासून स्वागत करतो. एकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतले, तेव्हापासून या कावेरीकाठी मराठी बोलली जाते. आमची मराठी तुम्हांला जरा जुन्या वळणाची लागेल, तिचा हेल तमिळ आहे, आणि मोजदाद करताना आम्ही मध्येच तमिळ आकड्यांवर घसरतो. तेवढे सांभाळून घ्या. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे राजा सर टी. माधवराव १८२८ साली या कुंभकोणमातच जन्मले, तेव्हा इथून तिकडे आणि तिकडून इथे ही ये-जा नवी नाही. स्वागताध्यक्षाने गावाची थोरवी गावी आणि जेवणाच्या वेळा सांगाव्यात, अशी रीत आहे. जेवणाच्या वेळा कार्यक्रमपत्रिकेत छापलेल्या आहेत. गावाची थोरवी मात्र या संमेलनाच्या विषयाला धरूनच सांगता येईल, म्हणून आकाशातून घेतलेली छायाचित्रे आणि आपला प्राचीन वारसा या विषयावर माझे म्हणणे थोडे विस्ताराने मांडण्याची परवानगी घेतो.

आपण बसलो आहोत तो प्रदेश पाटासारखा सपाट आहे. मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सहा पवित्र स्थानांपैकी स्वामीमलै हे एक. देव डोंगरावर हवा, आणि इथे तर टेकाडसुद्धा नाही. म्हणून डोंगरच बांधून काढला. साठ संवत्सरांच्या साठ पायऱ्या चढून आपण वर जातो तो स्वामीमलैचा डोंगर सगळा माणसाने रचलेला आहे. या सपाटीने इंग्रजांनाही अडवले होते. विल्यम लॅम्बटन त्रिकोणमितीय सर्वेक्षण करीत दक्षिणेत उतरला, तेव्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात दुर्बीण रोखायला त्याला टेकडी सापडेना. नारळी-पोफळी आणि बांबूच्या बनांनी नजर अडायची. अखेर त्याने देवळांची गोपुरे आणि शिखरे हीच सर्वेक्षणाची ठाणी केली. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरावर, त्याचा सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट (कोन मोजण्याचे यंत्र) चढवताना दोर तुटला आणि ते प्रचंड यंत्र भिंतीवर आदळून मोडले. पुढचे काही आठवडे लॅम्बटन ते स्वतःच्या हातांनी ठाकठीक करीत बसला होता. त्या खटाटोपामागचे कारण आजही तसेच आहे. या प्रदेशात जमिनीवर उभे राहून जमिनीची रचना कळत नाही. डोळ्यांच्या उंचीवरून दिसतो तो भाताचा एक तुकडा, त्यामागे माडांची रांग, आणि रांगेच्या वर कुठल्यातरी गोपुराचा कळस. एका देवळाचा दुसऱ्या देवळाशी, तळ्याचा कालव्याशी, कालव्याचा जुन्या नदीपात्राशी काय संबंध आहे, हे पाहायला वर जावे लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे की आकाशातून घेतलेल्या छायाचित्राचे खरे काम नवी वास्तू शोधण्याचे नाही. वास्तू ज्या वसाहतीत उभी होती ती वसाहत परत दाखवणे हे ते काम आहे. वर्तमानपत्रांना पहिल्या कामात रस असतो. आपण दुसऱ्या कामासाठी जमलो आहोत, असे मी मानतो. चोळांच्या देवळांबद्दल आपल्याला पुष्कळ माहिती आहे: विमानाची उंची, कोनाड्यांतील मूर्ती, भिंतींवरचे शिलालेख, कुणी किती दिवे लावले आणि त्यासाठी किती मेंढ्या दिल्या. तंजावर, गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम ही तीन देवळे २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत एकत्र आहेत. पण दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर ज्या नगरात उभे राहिले ते नगर कुठून कुठवर पसरले होते, बाजार कुठल्या अंगाला होता, राजवाड्याचे पाणी कुठून यायचे, हे विचारले की आपण घुटमळतो. दगडाची देवळे टिकली. माणसे विटांच्या आणि मातीच्या घरांत राहिली, ती घरे गेली. टिकलेल्यावरून सगळा इतिहास लिहायचा म्हटले की तो देवांचा होतो, माणसांचा राहत नाही.

पळैयारैचे उदाहरण घ्या. चोळांची ही दुय्यम राजधानी इथून काही मैलांवर होती. आज तिथे शेते आहेत, तीन-चार देवळे आहेत, आणि नावे आहेत. आरियप्पडैयूर, पुदुप्पडैयूर, मणप्पडैयूर आणि पंपप्पडैयूर ही चार गावे चोळ सैन्याच्या चार छावण्यांची म्हणून ओळखली जातात. चोळन्माळिगै नावाचे गाव आहे, म्हणजे चोळांचा वाडा. वाडा मात्र नाही. एवढ्या नावांच्या मधोमध एक राजधानी असली पाहिजे हे कुणालाही कळते, पण तिच्या कडा कुणी आखलेल्या नाहीत. त्या आखायच्या तर गावांमधून वाहणाऱ्या तिरुमलैराजन आणि मुडिकोंडान या नद्यांची वळणे, मध्येच सरळ रेषेत धावणारे बांध, एकाच मापाच्या तळ्यांची रांग, हे सगळे एका चित्रात समोर लागते. वाहता प्रवाह सहसा आपणहून काटकोनात वळत नाही. तो तसा वळला असेल तर तिथे कुणाची तरी भिंत होती किंवा खंदक होता, असा संशय घ्यायला जागा होते.

या प्रकारच्या वाचनाची सुरुवात युरोपात पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे झाली. ओ. जी. एस. क्रॉफर्ड हा ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ युद्धात विमानातून निरीक्षण करीत असे. १९२३ साली हवाई दलाने काढलेली छायाचित्रे पाहताना त्याला स्टोनहेंजपासून निघणाऱ्या दोन समांतर रेषा दिसल्या. नांगरटीखाली बुजलेला तो जुना मार्ग होता. क्रॉफर्डने त्याच वर्षी जमिनीवर चर खणून खात्री केली, आणि मला या कथेत महत्त्वाचे वाटते ते हेच. दोन वर्षांनी गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाने स्टोनहेंजजवळच शेतात ठिपक्यांची वर्तुळे पाहिली. पुढच्या उत्खननात लाकडी खांबांचे वुडहेंज निघाले. शास्त्र साधे आहे. जमिनीखाली बुजलेला खंदक असेल तर तिथे माती खोल, ओल जास्त, म्हणून त्यावरचे पीक उंच वाढते आणि उशिरापर्यंत हिरवे राहते. खाली भिंतीचा पाया असेल तर मुळांना माती कमी मिळते, पीक खुरटते आणि लवकर पिवळे पडते. बांधावरून दोन-चार रोपांचा फरक जाणवत नाही. वरून पाहिले की रेषा उमटते. दुष्काळी वर्षांत ती विशेष ठळक होते. २०१८च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये पाऊस आटला, आणि न्यूग्रेंजजवळच्या एका शेतात ड्रोनच्या कॅमेऱ्याला एक भलेमोठे प्रागैतिहासिक वर्तुळ दिसले. ते शेत त्याआधी कितीतरी जणांनी पाहिले असेल.

इथेच पहिला आक्षेप येतो, आणि तो भक्कम आहे. इंग्लंड-आयर्लंडचे गहू-सातूचे शेत निराळे आणि कावेरीचे भातशेत निराळे. इथे पाणी साचवून चिखल केला जातो. वरच्या थराची दरवर्षी घुसळण होते. पीक पाण्यात उभे असल्याने खाली भिंत आहे की खंदक, याचे रोपाला काही सोयरसुतक नसते. त्यावर गाळ. कावेरीने शतकानुशतके आणून पसरलेल्या गाळाखाली जुने थर खोल गेले आहेत. मग आकाशातून दिसणार काय?

उत्तर द्यायचे तर या गावच्या धंद्याकडे पाहावे लागेल. स्वामीमलैचे स्थपती मेणाची मूर्ती घडवतात आणि तिच्यावर कावेरीकाठची बारीक गाळाची माती थरावर थर चढवतात. ती माती इतकी मऊ असते की मेणावरची नखाएवढी रेघही तिच्या आतल्या अंगावर उतरते. मग मेण वितळून जाते आणि धातू ओतायला पोकळी राहते. खंदकांचे आणि कालव्यांचे तसेच झाले आहे. मूळ वस्तू गेली, पण गाळाने तिचा आकार धरून ठेवला आहे. बुजलेल्या पात्रातला गाळ आणि शेजारची मूळ जमीन यांचा पोत वेगळा असतो, म्हणून त्यांत ओलही वेगवेगळी टिकते. हा फरक भात उभा असताना लपतो, हे खरे. पण भात बारा महिने उभा नसतो. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले. त्याचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटते आणि २८ जानेवारीला बंद होते. कुरुवै, सांबा, ताळडी हे भाताचे हंगाम त्या पाण्यावर होतात. नंतरच्या महिन्यांत शेतकरी उडीद आणि मूग घेतो, तेही मोठ्या चतुराईने. सांबाची कापणी व्हायच्या आठ-दहा दिवस आधीच उभ्या भातात, ओल्या चिखलावर, तो बी फेकतो. भात कापून नेला की खाली उडदाचे कोंब वर आलेले असतात. या पिकाला वेगळे पाणी दिले जात नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर ते वाढते.

म्हणजे इंग्लंडमध्ये जे काम दुष्काळातला गहू करतो ते इथे दरसाल फेब्रुवारी-मार्चमध्ये उडीद करू शकेल. उरलेल्या ओलीवर जगणारे पीक ज्या जागी आधी सुकते आणि ज्या जागी हिरवे राहते, त्यातून खालची जमीन बोलते. त्यानंतर एप्रिल-मेमध्ये रान उघडे पडते. तेव्हा मातीच्या रंगातला फरकच दिसतो. तेव्हा आक्षेपाला माझे उत्तर असे: त्रिभुज प्रदेशात काही दिसत नाही असे म्हणणाऱ्याने चित्र कुठल्या महिन्यात काढले ते आधी विचारावे. डिसेंबरात काढलेल्या चित्रात हिरव्या चादरीपलीकडे काही नसणारच. विमानाचे किंवा ड्रोनचे वेळापत्रक पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाला बांधले पाहिजे. आणि शेतकऱ्याला विचारले पाहिजे, कारण कुठल्या वावराच्या कुठल्या कोपऱ्यात उडीद दरसाल आधी करपतो हे त्याला कुठल्याही उपग्रहाआधी ठाऊक असते.

भिंतींचा सोस सोडला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. या प्रदेशातली सर्वांत मोठी प्राचीन वास्तू म्हणजे पाण्याची व्यवस्था, आणि ती अजून वापरात असल्याने तिला कुणी वास्तू म्हणत नाही. राजराज चोळाने तंजावरच्या मंदिराला गावे दिली. त्यांचे शिलालेख गावाचे एकूण क्षेत्र वेली या जमिनीच्या मापाच्या बारीक अपूर्णांकांपर्यंत मांडतात आणि मग करातून वगळलेली जमीन सांगतात: गावठाण, देवळे, तळी, गावातून जाणारे कालवे, कारागिरांची वस्ती, परैयरांची वस्ती, स्मशान. हजार वर्षांपूर्वीचा हा कारकून आपल्याला गावाचा नकाशाच शब्दांत देतो आहे. इतिहासकार वाय. सुब्बरायलु यांनी अशाच शिलालेखांतून गावांची नावे वेचून चोळमंडलाच्या नाडूंचे, म्हणजे प्रादेशिक विभागांचे, नकाशे उभे केले. १९७३ साली प्रसिद्ध झालेले ते काम आजही पायाभूत आहे. शिलालेख सांगतो की अमुक गावाच्या उत्तरेला अमुक कालवा. आकाशातील चित्र कालव्याची आखणी दाखवते, पण त्याचे नाव त्यात नसते. दोन्ही शेजारी ठेवली की अर्धा प्रश्न सुटतो. वीरचोळन, मुडिकोंडान ही चोळ बिरुदे अजून नद्यांना लागलेली आहेत, म्हणजे काही दुवे तर जिवंतच आहेत.

गंगैकोंडचोळपुरम इथून चाळीसेक किलोमीटरच्या आत आहे. राजेंद्र चोळाची ही राजधानी अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात वसली आणि अडीचशे वर्षे नांदली. आज पाहुणा देऊळ पाहतो, नंदीपाशी फोटो काढतो आणि परततो. १८३६ साली कोळ्ळिडम नदीवर अणैक्करैचे धरण बांधताना या देवळाच्या बाहेरच्या तटाचे दगड काढून नेले गेले. राजवाड्याच्या विटांची गत त्याहून वाईट झाली. देवळापासून थोड्या अंतरावरच्या माळिगैमेडु या उंचवट्यावर तमिळनाडू पुरातत्त्व विभागाने १९८०च्या दशकात आणि पुन्हा २०२१ पासून उत्खनन केले, तेव्हा विटांच्या भिंतींचे पाये आणि छपराची कौले निघाली. नगराचा मोठा भाग अजून शेतांखाली आहे. राजेंद्राने खणवलेल्या चोळगंगम तलावाचा बांध मात्र मैलोन्‌मैल जातो. तो जमिनीवरून पाहिला तर झुडपांनी भरलेली एक लांबट टेकडी वाटते. आकाशातून पाहिल्यावरच देऊळ, वाडा, तटाच्या रेषा आणि हा बांध एकाच आराखड्याचे भाग आहेत हे ध्यानात येते. कंबोडियात अंकोरला हेच घडले. १९३०च्या दशकात व्हिक्टर गोलुब्यू हा अभ्यासक विमानातून बुजलेले खंदक आणि रस्ते शोधीत होता. २०१२ साली जंगलावरून लेझरच्या किरणांनी जमीन मोजली, तेव्हा प्रसिद्ध देवळांच्या भोवती रस्त्यांची, वाड्यांची आणि तळ्यांची रेखीव जाळी उघडी पडली. तिथल्या अभ्यासाने देवळांकडून नगराकडे मोहरा वळवला. आपल्याला तो अजून वळवायचा आहे.

दुसरा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. आकाशातील चित्रे पाहून माणसे वाटेल ते शोधतात. रेघ दिसली की तट, वर्तुळ दिसले की यज्ञकुंड, समुद्रात सावली दिसली की बुडालेली द्वारका. हा धोका काल्पनिक नाही आणि आमच्या दारातच त्याची उदाहरणे आहेत. कावेरीच्या मुखाशी असलेल्या पूम्पुहारच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मेहनतीने सर्वेक्षणे केली. तेवीसेक मीटर खोलीवर घोड्याच्या नालासारखी एक रचना नोंदवली गेली. त्यावर परदेशी लेखकांनी हिमयुगातल्या महानगराचे इमले चढवले. संस्थेच्या नोंदी राहिल्या बाजूला. दुसरे उदाहरण इथून जवळच्या उडैयाळूरचे. तिथल्या देवळातील एका खांबावर पहिल्या कुलोत्तुंग चोळाच्या ४२व्या राज्यवर्षाचा, म्हणजे इ.स. १११२च्या सुमाराचा लेख आहे. त्यात शिवपादशेखर यांच्या नावाच्या इमारतीच्या दुरुस्तीचा उल्लेख येतो. शिवपादशेखर हे राजराजाचे बिरुद. तेवढ्यावरून तिथे राजराजाची समाधी आहे अशी लोकभावना बळावली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २०१९ साली न्यायालयाच्या आदेशावरून पुरातत्त्व विभागाने तिथे ड्रोन उडवून पाहणी केली. समाधी सिद्ध झाली नाही.

काहींनी याला ड्रोनचे अपयश म्हटले. मला ते पटत नाही. प्रश्न चुकीच्या टोकाने विचारला गेला होता. एका माणसाची समाधी हे बारीक लक्ष्य आहे. ती असलीच तर काही हातांच्या जागेत असणार, आणि तिला ओळखायची खूण आकाशात दिसत नाही. त्याच ड्रोनने उडैयाळूरपासून पळैयारैपर्यंतचा पट्टा पाहिला असता, तर राजधानीच्या कडांबद्दल काही हाती लागण्याचा संभव कितीतरी जास्त होता. शिवाय 'सापडले नाही' हे उत्तर कमी मोलाचे नसते. ते नोंदले गेले तर पुढच्याचा पैसा आणि श्रद्धाळूंचा संताप दोन्ही वाचतात. अतिरंजनावर उपाय चित्रे न काढणे हा नव्हे. क्रॉफर्डने केले ते करावे: रेषा दिसली की जमिनीवर जावे, चर घ्यावा, खापऱ्या वेचाव्यात, आणि तोवर तिला 'रेषा' याहून मोठे नाव देऊ नये.

पायी जाण्याचा मान महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींना वेगळा समजावून द्यायला नको. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली ती मुख्यतः सडे तुडवून आणि गुराख्यांना विचारून. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, आणि त्याच्या पोटात डझनावारी प्राणी कोरलेले आहेत. त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्याला कातळावरचे चर दिसतात, हत्ती दिसत नाही. तो एका दृष्टिक्षेपात दिसला ड्रोनमुळे. इथे शोध पायांनी लावला आणि ओळख आकाशातून पटली. २०२२ साली कोकणातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ ठिकाणे जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. विदर्भातील जुनापाणीची शिळावर्तुळे उलट प्रकारची. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांतील काही खोदली, ती संख्येने तीनशेच्या घरात आहेत आणि उपग्रहाच्या चित्रांतही ओळखू येतात. दख्खनची जमीन असे पुरावे पृष्ठभागावर ठेवते, कावेरीची जमीन ते पोटात घालते. म्हणून दोन्हीकडच्या अभ्यासकांनी एकमेकांची पद्धत जशीच्या तशी उचलू नये.

या कामात मराठी अभ्यासकांचा काय संबंध, असे विचारणारेही भेटतील. माझे उत्तर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारातील मोडी कागदांत कालव्यांच्या डागडुजीचे, तळ्यांचे, छत्रांचे (म्हणजे धर्मशाळांचे) आणि इनाम जमिनींचे तपशील आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काही तमिळमध्ये आणले. महाराष्ट्रातल्या मोडी वाचकांचा हात मात्र त्यांना फारसा लागलेला नाही. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवला, त्याचे कौतुक आपण करतो. कालव्यांचे हिशेब कोरलेले नाहीत म्हणून ते उपेक्षित आहेत. चोळांचे शिलालेख आणि ब्रिटिशांचे महसुली नकाशे यांच्या मधला शंभर-दीडशे वर्षांचा दुवा या मोडी कागदांत आहे. अठराव्या शतकात एखादे तळे बुजवले, प्रवाह वळवला, तर ते या कागदांत शोधावे लागेल. तंजावरच्या थोरल्या किल्ल्याचा तट बराचसा गेला, पण त्याचा वाटोळा घेर रस्त्यांच्या आणि खंदकाच्या आखणीत आकाशातून अजून दिसतो. त्या घेराच्या आत कोण कुठे राहत होते, हे मोडी जाणणाराच सांगू शकेल.

आणखी एक निकड आहे, ती वेळेची. विक्रवंडी-कुंभकोणम-तंजावर चौपदरी महामार्गाचा भराव जुन्या पाटांना आडवा जातो. वीटभट्ट्या उंचवटे खातात. तळ्यांवर बसस्थानके उभी राहतात. आजचे चित्र उद्या पुरावा होते. अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात आठ लाखांहून अधिक चित्रे काढली, आणि ती १९९५ साली खुली झाली. क्षेपणास्त्रांचे तळ टेहळण्यासाठी काढलेल्या त्या चित्रांत शहरे पसरण्यापूर्वीची, यंत्रनांगराआधीची जमीन सापडते. इराक-सीरियाच्या अभ्यासकांनी त्यांचा भरपूर उपयोग केला. आपल्याकडे ती मागवून पाहणारे थोडे. जुन्या चित्राचे मोल कळायला याच भागातली एक गोष्ट पुरे आहे. श्रीपुरंदानच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला. तो आपलाच, हे दाखवायला पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातील छायाचित्र उपयोगी पडले आणि २०१४ साली मूर्ती परत आली. छायाचित्र काढणाऱ्याच्या मनात तेव्हा चोर नव्हता.

याच गोष्टीतून तिसरा आक्षेपही निघतो: चित्रे खुली केली तर चोरांनाच वाट दाखवल्यासारखे होईल. खजिन्याच्या आशेने उंचवटे फोडणारे लोक आहेत, हे नाकारता येत नाही. यावर सरसकट नियम चालणार नाही. उघड्या, माहीत असलेल्या ठिकाणांची चित्रे सर्वांना मिळावीत. नव्या, असंरक्षित उंचवट्यांची नेमकी जागा विभागाकडे नोंदून मग काही काळाने जाहीर करावी. परवानग्यांची रड पूर्वीइतकी राहिलेली नाही. एके काळी हवाई छायाचित्र हे संरक्षण खात्याचे गुपित होते. २०२१च्या फेब्रुवारीतील भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी आणि त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांनी बरीच वाट मोकळी केली. संरक्षित वास्तूंवर उड्डाण करायला पुरातत्त्व खात्याची परवानगी अजूनही लागते, आणि ती लागावी. देवळे गळत असताना ड्रोन कशाला, या प्रश्नाला एकच उत्तर पुरे: गळती कुठून होते हेही छपरावरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

स्वागत समितीने संमेलनापुढे तीन सूचना ठेवायचे ठरवले आहे. पळैयारै ते उडैयाळूर या पट्ट्याची, फेब्रुवारी ते मे या काळात, लागोपाठ किमान तीन वर्षे दरमहा छायाचित्रे काढावीत. त्याच पट्ट्यातील चोळ शिलालेखांची आणि मोडी कागदांची गावनिहाय यादी तमिळ आणि मराठी अभ्यासकांनी मिळून करावी. आणि दिसलेल्या प्रत्येक खुणेसमोर ती जमिनीवर तपासली की नाही, तपासून काय निघाले, हे लिहिण्याचा रकाना सुरुवातीपासूनच ठेवावा, मग उत्तर 'काही नाही' असे का असेना. या सूचनांत उणे असेल ते उद्याच्या चर्चेत दाखवा, समितीला राग येणार नाही. उद्या सकाळी सहाला बस दारासुरमला निघेल, तिथून पळैयारै आणि चोळन्माळिगै. उडदाची काढणी चालू आहे, तेव्हा बांधावरूनच चालावे आणि पायांत बूट असावेत. आता संमेलनाध्यक्षांनी दीपप्रज्वलन करून संमेलनाचे उद्घाटन करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.